बायबल पहिल्यांदाच वाचायला घेतलंय, लेवीयात अडकलोय

बांधावरून

नमस्कार मंडळी. मी बार्शी तालुक्यातला. शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त होऊन शेती बघतो. घर माळकरी. ज्ञानेश्वरीची पारायणं लहानपणापासून ऐकली, पुढं स्वतः केली.

गेल्या पावसाळ्यात आईच्या ऑपरेशनसाठी अठरा दिवस दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती आजी होत्या. दिवेलागणीला त्या एका जाड काळ्या पुस्तकातून थोडं वाचायच्या, नुसते ओठ हलवत. आईच एक दिवस त्यांना म्हणाली, "मोठ्यानं वाचा की, आमीबी ऐकतो." त्यांनी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं. आई डोळे मिटून ऐकत होती. घरी निघालो त्या दिवशी आजींनी ते पुस्तक आईच्या उशाशी ठेवलं. "माझ्याकडं घरी दुसरं आहे," एवढंच म्हणाल्या. पत्ता विचारला नाही की नंबर मागितला नाही.

पोथी वाचतात तसं मी पहिल्या पानापासून सुरू केलं. उत्पत्ती भराभर झालं. योसेफाला भाऊ विकतात तिथं तर रात्रीचे बारा वाजले तरी पुस्तक खाली ठेववेना. निर्गमाचा अर्धा भागही असाच गेला. मग तंबूची मापं आली, पडदे, कड्या, खुंट्या. त्यापुढं लेवीय. कुठल्या अर्पणाची चरबी कशी जाळायची, अंगावरचे चट्टे याजकानं कसे तपासायचे, घराच्या भिंतीवर डाग पडले तर काय करायचं. चौदाव्या अध्यायात महिनाभर खूण तशीच आहे. पोथी अर्ध्यात सोडायची नाही हे वळण लागलेलं, त्यामुळं पुढंही जाववत नाही आणि बंदही करवत नाही.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वाचायचा क्रम हाच असतो का? आणि हे वाचायला बसताना मनाची बैठक कशी ठेवायची? हात जोडून बसलो तर खोटं वाटतं, आणि कादंबरीसारखं वाचलं तर त्या आजींचे हलणारे ओठ आठवतात.

नगरी_सूर

काका, खूण तिथंच राहू द्या आणि पुस्तक उघडा मार्कपाशी. मी नगरचा. आमच्या घरी चार पिढ्या हे वाचलं जातंय, पण पहिल्या पानापासून सलग वाचून काढलेले मी दोघंतिघंच पाहिलेत.

पहिली गोष्ट म्हणजे हे एक पुस्तक नव्हे, पुस्तकांचं कपाट आहे. आमच्या प्रॉटेस्टंट प्रतीत जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७, मिळून ६६ पुस्तकं. त्यात वंशावळी आहेत, कायदे आहेत, राजांच्या बखरी आहेत, प्रेमगीतं आहेत, विलाप आहेत, म्हणी आहेत, पत्रं आहेत. लिहिणारे वेगळे, त्यांच्यात शेकडो वर्षांचं अंतर. कपाटातलं वरचं डावीकडचं पुस्तक आधी वाचलंच पाहिजे असं काही नाही.

येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. मार्क त्यातलं सगळ्यात लहान, १६ अध्याय. एका बैठकीत होतं. जन्मकथा नाही, प्रस्तावना नाही, सरळ नदीवर बाप्तिस्म्यापासून सुरू. 'लगेच', 'तत्काळ' हे शब्द जागोजाग. लिहिणाऱ्याला धाप लागलीय असं वाटतं. शेवटाकडे नीट बघा. अगदी जुन्या हस्तलिखितांत १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनापाशी तो थांबतो. कबर रिकामी, बाया भीतीनं पळत सुटल्यात, कुणाला काही सांगत नाहीत. बस. पुढची वचनं नंतर जोडलेली आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात, काही प्रतींत ती कंसात असतात. मी पंचविशीत पहिल्यांदा आठव्या वचनावर थांबून बघितलं. लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट, पण त्या रात्री अंगावर काटा आला.

त्यानंतर लूक. मत्तय जरा मागं ठेवा, कारण त्याचं पहिलं पान म्हणजे नुसती वंशावळ. अर्थात पुराणं वाचलेल्या माणसाला वंशावळीचं भय नसावं. त्या नावांत बायका मोजक्याच आहेत: तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको आणि मरिया. यांचीच नावं का घेतली असतील, हा प्रश्न डोक्यात ठेवून जुन्या करारात गेलात की वाट आपोआप सापडत जाते.

वाडवळीण

मी वसईची, कॅथलिक. आमच्या प्रतीत ७३ पुस्तकं असतात. तोबीत, यहूदीथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख ही सात जास्तीची. तुमच्याकडची प्रत कुठली ते अनुक्रमणिकेवरून लगेच कळेल.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. आमच्याकडे बायबल वाचण्याआधी ऐकलं जातं. माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमधून असे, तिला शब्द कळत नसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली. आजी सांगायची, आयुष्यभर पाहिलेलं माणूस पहिल्यांदा बोलायला लागावं तसं वाटलं. आता रविवारी एक वाचन जुन्या करारातलं, मग स्तोत्र, मग एखाद्या पत्रातला उतारा आणि शेवटी शुभवर्तमान. त्या वेळी सगळे उभे राहतात. एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, असं तीन वर्षांचं चक्र. योहान मधूनमधून, सणावारी.

म्हणजे वाट्याला येतं ते दहा-पंधरा वचनांचं. पण आठवडाभर तेवढंच मनात घोळतं. दादा, तुम्ही ओवी एक घेता आणि निरूपण तासभर करता. इथंही तेच करून बघा. आणि मोठ्यानं वाचा. तुमच्या आईंना ऐकू द्या. यातलं पुष्कळसं मुळात ऐकण्यासाठीच सांगितलं गेलंय.

रोखठोक

राग मानू नका, पण मनात आहे ते विचारतो. माझ्या मामेभावानं असंच 'सहज' वाचायला घेतलं आणि तीन वर्षांत घरच्या कुळाचाराला यायचा बंद झाला. मामीनं त्या वर्षी त्याच्याशिवायच बोडण (सुवासिनींनी मिळून करायची कुलदेवीची पूजा) भरलं. त्यामुळं दवाखान्यात पुस्तक उशाशी ठेवणं याकडे मला निर्मळपणे बघता येत नाही. दुसरं म्हणजे, मी बायबलातलं यहोशवाचं पुस्तक वाचलंय. शहरं काबीज करून बायका-मुलांसकट मारल्याचं देवाच्या नावानं लिहिलंय. हे पवित्र कसं मानायचं?

बांधावरून

तुमच्या मामींचं वाचून वाईट वाटलं. तुमची भीती खरी आहे, ती मी झटकणार नाही. त्या आजींबद्दल मात्र एवढंच सांगतो, आईला रात्री उलटी झाली तेव्हा स्वतःचं सलाइन हातानं उंच धरून त्या आधी उठल्या होत्या. मी त्यांच्या हेतूची वेगळी परीक्षा घेतली नाही.

पानउलट

रोखठोक, दोन्ही मुद्द्यांवर थोडं सविस्तर लिहितो. मी ख्रिस्ती नाही. भाषांतर हा माझा अभ्यासाचा विषय, त्यासाठी हिब्रू जुजबी शिकलो.

वाचणारा कुठं पोहोचेल हे कुणीच आधी सांगू शकत नाही. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्याची काय किंमत मोजावी लागली हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. गांधीजीही तेच प्रवचन वाचून हलले, ते थेट काळजाला भिडल्याचं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, आणि ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. (धागाकर्ते, उत्पत्तीनंतरचे अध्याय वाचताना हटकून झोप यायची, असंही गांधीजींनी तिथंच लिहिलंय.) पान तेच, माणसं दोन. तुमच्या मामेभावानं काय वाचलं यापेक्षा त्यानं मामीला एकटं का पाडलं, हा मला मोठा प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर पुस्तकात मिळणार नाही, त्यालाच विचारावं लागेल.

यहोशवाबद्दल. ते वाचून अस्वस्थ व्हायला होतं आणि व्हायलाच हवं. त्यावर पांघरूण घालणारी स्पष्टीकरणं मला पटत नाहीत. पण हे कपाट स्वतःशीच भांडतं, हे बघा. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात नियम आहे की मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशातल्या, माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घ्यायचं नाही. आणि रूथचं अख्खं पुस्तक एका मवाबी विधवेचं आहे, जी शेवटी दावीद राजाची पणजी ठरते. योनाला निनवे या शत्रूच्या शहराचा नाश झालेला हवा असतो. तो होत नाही म्हणून तो रुसून बसतो. पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर: उजवाडावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं तिथं आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्यांची कीव मी करू नये का? योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही. ईयोबाच्या पुस्तकात तर ईयोब देवालाच जाब विचारतो. हा वाद ज्यांनी एकाच कपाटात जपून ठेवला, त्यांना तो मिटवायचा नव्हता असं मला वाटतं.

शनिवारतेली

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. मूळ गाव अलिबागजवळ, आता इस्राएलमध्ये लोदला असते. मराठी घरात अजून आहे, हा धागा भावानं पाठवला.

एक विनंती. तुम्ही ज्याला जुना करार म्हणता तो आमच्यासाठी जुना नाही, तोच सगळा आहे. आमच्याकडे त्याला तनाख म्हणतात आणि आम्ही पुस्तकं २४ मोजतो. मजकूर तोच, पण मोजणी वेगळी आणि मांडणीही वेगळी. ख्रिस्ती प्रतीत तो मलाखीवर संपतो, पुढं येणाऱ्याची वाट बघत. आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकावर संपतो, यरुशलेमला परत चला या हाकेवर. शेवटचं पान बदललं की आधीच्या सगळ्याचा रोख बदलतो. नव्या वाचकानं हे माहीत करून घ्यावं, आणि आधी या गोष्टी त्यांच्या स्वतःच्या जागी वाचाव्यात, लगेच पुढच्या कुणाची तरी सावली म्हणून नव्हे.

वर योनाचा उल्लेख आलाय. योम किप्पूरच्या दिवशी, दिवसभराचा उपास झालेला असतो, दुपार कलत असते, तेव्हा सभास्थानात आम्ही योना वाचतो. पोटात काही नसताना ती गुरंढोरं ऐकू येतात तेव्हा फार वेगळं वाटतं. रूथ शावुओतला, कापणीच्या सणाला. आणि एलियाहू हनाबी, तुमच्या प्रतीतला एलीया संदेष्टा, तर आमच्या घरातलाच. काही मनासारखं झालं की त्याच्या नावानं मलिदा करायचा: पोहे, गूळ, नारळ, फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात. आजी तिथं न्यायची. त्याची गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकात १७व्या अध्यायापासून आहे. १९वा अध्याय सावकाश वाचा. वादळात परमेश्वर नाही, भूकंपात नाही, आगीत नाही.

कोकणकडा९

वाचतेय. मलिद्याबद्दल प्रथमच कळलं. लिहीत राहा सगळे.

नगरी_सूर

ताई, रोखाबद्दलचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. संडे स्कूलमध्ये आम्ही प्रत्येक गोष्टीच्या शेवटी येशूकडे बोट दाखवायला शिकलो. माझी श्रद्धा तीच आहे, पण या रविवारी मुलांना योना सांगताना मी निनवेच्या गुरांपाशीच थांबणार आहे.

पानउलट

धागाकर्ते मराठीचे शिक्षक आहेत म्हणून शब्दांबद्दल लिहितो. मराठी वाचक खरा फसतो तो ओळखीच्या शब्दांत. 'परूशी', 'सदूकी' (हे दोन यहुदी पंथ), 'वल्हांडण' अशा शब्दांशी तो थबकतो, शोधतो. (वल्हांडण किती सुंदर शब्द आहे. मृत्यूचा दूत ज्या घरांना ओलांडून गेला त्या रात्रीचा सण.) पण 'आत्मा' आला की थबकत नाही, कारण तो शब्द त्याच्या घरचा आहे. शस्त्रं छेदत नाहीत, अग्नी जाळत नाही, असा गीतेतला आत्मा घेऊन तो पुढं जातो. हिब्रूत मूळ शब्द 'रुआख', म्हणजे वारा, श्वास, फुंकर. उत्पत्तीच्या दुसऱ्या वचनात पाण्यावर जे घोंघावतं ते. ग्रीकमध्येही वारा आणि आत्मा यांना एकच शब्द. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला वाऱ्याचं सांगतो, तिथं तो शब्द दोन्ही अर्थांनी एकदमच वाजतो. मराठीत आपल्याला एकीकडे 'वारा' आणि दुसरीकडे 'आत्मा' लिहावं लागतं, आणि मधली फुंकर निसटते.

'पश्चात्ताप' म्हटलं की आपल्याला पोळणं, हळहळ ऐकू येते. हिब्रूत त्या जागी बहुतेकदा नुसतं 'वळणं', 'मागं फिरणं' असतं. पाय वळतात. 'करार' म्हटलं की स्टँपपेपर दिसतो. मुळात ते जन्माचं नातं जोडणारं वचन. 'ख्रिस्त' हे आडनाव नव्हे, अभिषेक झालेला असा अर्थ.

ही अडचण मराठीत फार जुनी आहे. श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) छापखान्यातून मत्तय मराठीत आला १८०५ साली, अख्खा नवा करार १८११ साली. त्याच्या दोनशे वर्षं आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी उलट वाट धरली होती. भाषांतर न करता ओवीत पुराणच रचलं, १६१६ साली छापलं, आणि वैकुंठासारखे शब्द निःशंक वापरले. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल स्वतः मराठीत आणलं, तेव्हा त्यांनी ठरवून संस्कृत वळणाचे धर्मशब्द टाळले, खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा धरली. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीमधल्याच, म्हणजे त्यांच्या केडगावच्या संस्थेतल्याच बायका. १९२२ साली रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ साली निघालं. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं, पंडिता ही पदवी ज्यांना त्यावर मिळाली, त्यांनी ते बाजूला ठेवलं. मला ही मराठीतली फार मोठी घटना वाटते, आणि आपण तिची म्हणावी तशी दखल घेतली नाही.

आता तुमचं लेवीय. १९व्या अध्यायाची ९ आणि १० ही दोनच वचनं वाचा. शेताची कापणी करताना कडेकोपऱ्यापर्यंत सगळं कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, द्राक्षमळ्यात गळलेली फळं गोळा करू नका. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मराठी बायबलात त्या पडलेल्या कणसांना शब्द आहे 'सरवा'. तुम्हाला तो मला समजावून सांगावा लागणार नाही. मग तिथून सरळ रूथवर जा, अध्याय दुसरा.

बांधावरून

सरवा हा शब्द छापलेला मी कितीतरी वर्षांनी पाहिला. आमच्याकडं ज्वारीची काढणी झाली, पेंढ्या खळ्यावर गेल्या की बाया-पोरं रानात शिरायची. वाकून वाकून कणसं वेचायची, ओच्यात भरायची. माझे वडील त्या दिवशी मुद्दाम रानात फिरकायचे नाहीत. आपण दिसलो की त्या बिचकतात, म्हणायचे. आता मळणीयंत्र रानातच येतं, सरवा उरतच नाही.

ती दोन वचनं वाचली. चरबी आणि चट्ट्यांच्या इतक्या जवळ हे ठेवलंय हे कळल्यावर चट्ट्यांचे अध्यायही पुन्हा वाचले. मार्क झाला. आता लूक.

वाडवळीण

लूकच्या पंधराव्या अध्यायाशी घाई करू नका. आणि तो कुणाला सांगितलाय ते पहिल्या दोन वचनांत आहे, ते सोडू नका. जकातदार आणि पापी जवळ येऊन बसलेत, आणि 'हा असल्यांच्या पंगतीला बसतो' म्हणून शास्त्री-परूशी कुरकुरतायत. त्यांना उद्देशून तीन गोष्टी आहेत: मेंढरू, नाणं, मुलगा.

बांधावरून

तीन आठवड्यांनी येतोय. काल संध्याकाळी आईला लूकचा पंधरावा अध्याय वाचून दाखवला. त्याबद्दल लिहायलाच हवं.

धाकटा बापाच्या हयातीत वाटणी मागतो. आई लगेच म्हणाली, "म्हंजे मर म्हन्ला की." तो सगळं उडवतो, डुकरं राखतो, डुकरांच्या शेंगांनी पोट भरावंसं वाटायची पाळी येते, परत फिरतो. बाप लांबून बघून धावत सुटतो. झगा, अंगठी, जोडा, पुष्ट वासरू. इथवर मी नीट वाचलं.

पुढं थोरला शेतातून येतो. घराजवळ आल्यावर त्याला गाण्याबजावण्याचा आवाज येतो. तो गड्याला बोलावून विचारतो, काय चाललंय. मग रागावतो आणि आत जात नाही. बाप बाहेर येऊन विनवतो. तो म्हणतो, इतकी वर्षं राबलो, मित्रांसंगं खायला कधी एक करडू दिलं नाहीत, आणि हा *तुमचा मुलगा* आला तर वासरू कापलंत. बाप म्हणतो, बाळा, माझं आहे ते तुझंच आहे, पण हा *तुझा भाऊ* मेला होता, तो जिवंत झालाय. गोष्ट तिथं थांबते. थोरला आत गेला की नाही, लिहिलेलं नाही.

मी थोरला आहे. आमच्या धाकट्यानं वाटणी घेतली, विकली, पुण्यात धंद्यात घातली, सगळं गेलं. अकरा वर्षांनी परत आला. वडिलांनी मळ्यातली खोली दिली. मी आजवर त्याच्याशी गरजेपुरतं बोलतो. त्यामुळं वाचताना आवाज लागेना, मी थांबलो.

आई भिंतीकडं बघत म्हणाली, "त्यांची आई कुठाय रं?"

म्हटलं, नाही गोष्टीत.

"तरीच," ती म्हणाली. "शेतात मानूस धाडायचा हुता आदी. थोरल्याला सांगायचं, तुजा भाऊ आलाय, ये. त्यानं गानं ऐकून कळून घ्यायचं व्हय?"

धाकटा आला त्या दिवशी मी रानात पाणी धरायला गेलो होतो. घरी आलो तर अंगणात अनोळखी चप्पल दिसली, आत सगळे हसत होते. आई तेव्हा चुलीपाशी होती. काल ती माझ्याकडं न बघता हे बोलली, आणि मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पानउलट, टीकाकारांनी हे कुठं लिहिलं असेल तर जरूर सांगा. मला ते आईकडूनच मिळालं.

आज सकाळी मळ्याकडं गेलो होतो. धाकटा पाइप जोडत होता, दुसरं टोक मी धरलं. संध्याकाळपासून रूथ सुरू करतोय. चार अध्याय, चार दिवस. सासू-सुनेची गोष्ट आहे म्हटल्यावर आई म्हणाली, शेजारच्या काकूंनाही बोलाव, आणि मळ्यात सांगावा धाड.